दावा कुठल्या कोर्टात लावायचा?

कुणी शेंगा फोडत असाल, कुणी शिलाई मशीनवर बसला असाल, कुणी शेताच्या बांधावर मोबाईल लावून ऐकत असाल. आजचा विषय जरा कोर्टकचेरीचा आहे. 'आपल्याला काय करायचंय कोर्टाशी' असं म्हणून रेडिओ बंद करू नका. पंधरा-वीस मिनिटं ऐका. कधी स्वतःला उपयोग होईल, कधी नणंदेला, कधी शेजारणीला.

गेल्या महिन्यात एक ताई आमच्याकडे आल्या. हातात कापडी पिशवी आणि पिशवीत कागदांचा गठ्ठा. त्यांचं नाव आम्ही सांगणार नाही, गावंही सांगणार नाही. त्यांचं सासर पुणे जिल्ह्यात आणि माहेर सातारा जिल्ह्यात आहे, एवढं पुरे. आल्या आणि म्हणाल्या, "माझं खरं आहे, माझ्याकडे कागद आहेत. मग मला प्रत्येक जण दुसरीकडे का पाठवतो?"

त्यांची हकिगत अशी. वडील वारले. वारसांची नोंद करायची म्हणून भावांनी त्यांना माहेरच्या तालुक्याला, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेलं. फोटो काढला, अंगठा घेतला, सह्या घेतल्या. येताना भावजयीने साडीही नेसवली. पुढे एकदा त्यांनी सातबारा काढला, तर त्यावर आपलं नावच नाही. तलाठ्याकडे फेरफार बघितला तेव्हा कळलं, की त्या दिवशी सही केलेला कागद वारसनोंदीचा नव्हता. ते हक्कसोडपत्र होतं. ६ एकरांतला आपला हिस्सा त्यांनी, न कळता, भावांना सोडून दिला होता.

मग धावपळ सुरू झाली. आधी त्या तहसील कार्यालयात गेल्या. 'माझं नाव लावा, तो कागद रद्द करा' असा अर्ज दिला. तिथे १२ महिने तारखा पडल्या आणि शेवटी उत्तर आलं, 'दिवाणी न्यायालयात जा.' पैसे जमवण्यात आणि घरच्यांची समजूत काढण्यात ६ महिने गेले. मग दावा लावला, तो सासरच्या तालुक्याच्या कोर्टात. तिथे १६ महिने गेले आणि कोर्टाने वादपत्र परत दिलं. कारण, हे कोर्ट या जमिनीचं नाही.

ताईंनी दावा सासरी का लावला? कारण शेजारणीने सांगितलं होतं, 'बाईला ती राहते तिथे केस करता येते. माझी पोटगीची केस इथेच चालली.' शेजारीण खोटं बोलत नव्हती. पोटगीला तो नियम खराच आहे. पण जमिनीला तो लागू नाही. एका दाव्याचा नियम दुसऱ्या दाव्याला लावला आणि सगळा घोळ झाला.

तर आज आपण हेच समजून घेणार आहोत. दावा कुठल्या कोर्टात लावायचा, हे ठरतं कसं? आम्ही वकील नाही. तालुका विधी सेवा समितीच्या वकीलबाईंसमोर आम्ही तीन दुपारी वही घेऊन बसलो. त्यांनी सांगितलं, आम्ही विचारलं, परत विचारलं. ते तुमच्यासमोर मांडतो.

बाळंतपणाला आपण माहेरी जातो. बाळाच्या जन्माची नोंद कुठे होते? बाळ जिथे जन्मलं तिथे. आपण राहायला कुठेही असू, दाखला जन्माच्या ठिकाणचाच निघतो. सासरच्या ग्रामपंचायतीत कितीही हेलपाटे घातले तरी तिथे तो मिळत नाही. त्यात ग्रामसेवकाचा दुष्टपणा नसतो, त्याच्या रजिस्टरात ती नोंदच नसते. कोर्टाचंही काहीसं तसंच आहे. प्रत्येक कोर्टाला कायद्याने एक हद्द आखून दिलेली आहे. त्या हद्दीला अधिकारक्षेत्र म्हणतात. हद्दीबाहेरचं काम न्यायाधीशांच्या मनात असलं तरी त्यांना करता येत नाही.

ही हद्द तीन प्रश्नांनी ठरते. पहिला, विषय काय? दुसरा, जागा कुठली? तिसरा, किंमत किती? याच क्रमाने विचारा. पहिल्याचं उत्तर चुकलं तर पुढच्या दोघांना अर्थ नाही.

पहिला प्रश्न, विषय. आपलं भांडण दिवाणी कोर्टाचं आहे का?

दिवाणी प्रक्रिया संहिता हा १९०८ सालचा कायदा आहे. त्याचं कलम ९ सांगतं, की दिवाणी स्वरूपाचा कुठलाही दावा दिवाणी कोर्ट चालवू शकतं, फक्त एखाद्या कायद्याने तो विषय त्याच्याकडून काढून घेतलेला नसावा. दिवाणी स्वरूपाचा म्हणजे काय? मिळकत कुणाची, हिस्सा किती, पैसे देणं लागतो की नाही, करार पाळला की मोडला, दस्त खरा की फसवणुकीने केलेला. थोडक्यात, हक्काचं भांडण.

मग तहसीलदार काय करतात? इथे आपल्या बायकांचा सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून जरा थांबून सांगतो. सातबारा आणि फेरफार हे महसुलाचे कागद आहेत. सरकारी दप्तरात जमिनीला कुणाचं नाव आहे आणि शेतसारा कुणी भरायचा, हे त्यावरून समजतं. ती नोंद खरी आहे असं कायदा धरून चालतो, पण उलट सिद्ध होईपर्यंतच. नुसतं सातबाऱ्यावर नाव आलं म्हणून कुणी मालक होत नाही आणि नाव गेलं म्हणून कुणाची मालकी बुडत नाही. नोंदीबद्दल तक्रार असेल तर ती महसूल अधिकारी ऐकतात, पुढे प्रांतांकडे अपील होतं. पण नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र फसवणुकीने केलं आहे म्हणून ते रद्द करणं हा अधिकार तहसीलदारांना नाही. तो दिवाणी कोर्टाचा. ताईंचे पहिले १२ महिने इथे गेले.

वाटपाचंही तसंच. सगळे हिस्सेदार राजी असतील, कुणाच्या हक्काबद्दल वाद नसेल, तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटप होऊ शकतं. पण एकाने जरी 'हिचा हिस्साच नाही' असं म्हटलं, की हक्काचा प्रश्न उभा राहिला. तो आधी दिवाणी कोर्टातून सोडवून आणावा लागतो. मग गंमत बघा. दिवाणी कोर्टाने हिस्सा ठरवला, हुकूमनामा दिला, तरी सारा भरणाऱ्या शेतजमिनीचे प्रत्यक्ष तुकडे पाडण्याचं काम परत महसूल खात्याकडेच येतं. तेव्हा दोन्ही दारं लागतात, पण त्यांचा क्रम चुकवायचा नसतो.

उलट काही कामं अशी आहेत, की तिथे तहसीलदारांचं दार पहिलं ठोठवावं. शेजाऱ्याने तुमच्या शेताचा वहिवाटीचा रस्ता नांगरून टाकला किंवा पाण्याचा पाट अडवला, तर १९०६ सालच्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदारांकडे जाता येतं. मात्र अडवणूक झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत. तसंच जमिनीत कूळ आहे की नाही, हा प्रश्न कूळकायद्याने महसूल अधिकाऱ्यांकडे दिलेला आहे. चालू दाव्यात तो निघाला, तर दिवाणी कोर्टसुद्धा तो प्रश्न त्यांच्याकडे पाठवतं.

मग आपलं काम कुठल्या खान्यात बसतं, हे कोण ठरवतं? कोर्ट सुरुवातीला आपलं वादपत्र बघतं. वादपत्र म्हणजे आपण दाखल केलेला दावा. त्यात काय घडलं म्हणून सांगितलं आहे आणि शेवटी काय मागितलं आहे, त्यावरून विषय ठरतो. समोरचा कैफियतीत काय म्हणतो, ते नंतर. म्हणून वकिलाला सांगताना नुसतं 'भावांनी फसवलं' म्हणून थांबू नका. मला नक्की काय हवंय? सातबाऱ्यावर नाव हवंय, दस्त रद्द व्हायला हवाय, हिस्सा वेगळा करून ताबा हवाय, की जमीन विकू नये म्हणून मनाई हुकूम हवाय? प्रत्येक मागणी वेगळी आहे, तिचं दारही वेगळं असू शकतं. मागणीचे शब्द फिरवून कोर्टाला चकवता येत नाही. कोर्ट आतला गाभा बघतं.

दुसरा प्रश्न, जागा. कुठल्या गावचं कोर्ट?

इथे एक साधी विभागणी लक्षात ठेवा. जमीन, घर, विहीर अशी जागेवरून न हलणारी, म्हणजे स्थावर मिळकत असेल, तर कलम १६ सांगतं, की मिळकत जिथे आहे तिथल्या कोर्टात दावा. आपण कुठे राहतो, भाऊ कुठे राहतो, याला इथे महत्त्व नाही. ताईंचा एक भाऊ पिंपरीत कंपनीत आहे. एका ओळखीच्याने सल्ला दिला होता, 'प्रतिवादी राहतो तिथे दावा करता येतो, पिंपरीला करा.' तो नियम कलम २० मध्ये आहे खरा, पण जमिनीच्या दाव्याला कलम १६ चा नियम आधी. जमीन माहेरच्या तालुक्यात, तर दावा माहेरच्या तालुक्यात.

असं का, असं आम्हीही विचारलं. बाईला माहेरी जाऊन भावाविरुद्ध कोर्टात उभं राहणं किती जड जातं! ज्या एसटी स्टँडवर लहानपणी भाऊ न्यायला यायचा, तिथेच उतरून त्याच्याविरुद्ध तारखेला जायचं. वकीलबाई म्हणाल्या, ते खरंच आहे. पण जमिनीची मोजणी तिथे होणार, साक्षीदार तिथले, तलाठी तिथला, दस्त नोंदला ते कार्यालय तिथलं, आणि उद्या निकाल लागला तर ताबाही तिथेच घ्यायचा. म्हणून कायद्याने जागेला धरलं.

मिळकत दोन तालुक्यांत असेल तर? समजा काही जमीन माण तालुक्यात आहे आणि काही खटावमध्ये. दोन्हीवर मिळून एकच वाद असेल, तर कलम १७ प्रमाणे दोन्हींपैकी कुठल्याही एका कोर्टात सगळ्या मिळकतीचा एकच दावा लावता येतो. दोन ठिकाणी दोन दावे लावत बसायला नको.

आता जमीन सोडून बाकीचं घेऊ. तुम्ही बचतगटातल्या मैत्रिणीला ४० हजार उसने दिले, तिने लिहून दिलं आणि आता ती देत नाही. किंवा तुम्ही लोणची-पापडांचा माल एका दुकानदाराला दिला, त्याने पैसे थकवले. अशा दाव्यांना कलम २० लागतं. प्रतिवादी राहतो किंवा धंदा-नोकरी करतो तिथे दावा लावता येतो. नाहीतर वादाचं कारण जिथे घडलं तिथे, मग ते पूर्ण घडलेलं असो की थोडं. वादाचं कारण म्हणजे ज्या घडामोडींमुळे तुम्हाला दावा करण्याचा हक्क आला त्या. करार कुठे झाला, माल कुठे दिला, पैसे कुठे द्यायचे ठरले होते, ही सगळी त्याची अंगं. म्हणून पावतीवर, चिठ्ठीवर गावाचं नाव लिहायची सवय लावा. कुणी तुमच्या जंगम वस्तूचं नुकसान केलं, म्हणजे गाडी मोडली, शेळी मारली, तर नुकसान झालं तिथे किंवा करणारा राहतो तिथे, अशी निवड कलम १९ देतं.

अजून एक गोष्ट. हप्त्यावर वस्तू घेताना किंवा कर्ज काढताना छापील कागदावर बारीक अक्षरात एक ओळ असते, 'वाद झाल्यास फक्त अमुक शहरातील न्यायालयात.' आपण ती वाचत नाही. ज्या दोन-तीन कोर्टांना मुळात अधिकार आहे, त्यांतलं एक दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घेणं कायद्याला चालतं. पण ज्या शहराचा त्या व्यवहाराशी काडीचा संबंध नाही, तिथल्या कोर्टाला नुसत्या कराराने अधिकार देता येत नाही. आणि वस्तू खराब निघाली, सेवा वाईट मिळाली म्हणून ग्राहक आयोगाकडे जायचं असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते.

तिसरा प्रश्न, किंमत.

तालुक्याला बहुतेक ठिकाणी दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांचं कोर्ट असतं. त्याच्या वर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर. वरिष्ठ स्तर कोर्टाला दाव्याच्या रकमेची कमाल मर्यादा नाही. कनिष्ठ स्तराला आहे. बराच काळ ती ५ लाख रुपये चालत आलेली आहे. अशी मर्यादा कायद्यात दुरुस्ती करून वाढवली जाते, म्हणून दावा लावायच्या दिवशी किती आहे ते विचारून घ्या. मुंबई शहरात तर व्यवस्थाच निराळी आहे, तिथे शहर दिवाणी न्यायालय आणि उच्च न्यायालय असे टप्पे आहेत.

कलम १५ म्हणतं, की जे सर्वांत खालचं कोर्ट तो दावा चालवू शकतं, तिथेच तो लावायचा. थेट वरच्या कोर्टात उडी मारायची नाही. पण दाव्याची किंमत म्हणजे बाजारात एकरी काय भाव चाललाय तो, असं प्रत्येक वेळी नसतं. कुठल्या दाव्याचं मूल्यांकन कसं करायचं, बाजारभावाने की शेतसाऱ्याच्या पटीत, संपूर्ण मिळकतीचं की आपल्या हिश्श्याचं, हे कोर्ट फीचा आणि दावा मूल्यांकनाचा कायदा ठरवतो. हे काम वकिलाचं. आपण फक्त एवढं विचारायचं, 'वकीलसाहेब, आपण दाव्याची किंमत किती धरली आणि कशावरून?' कोर्ट फी कमी बसावी म्हणून किंमत ओढूनताणून कमी दाखवली, तर पुढे आक्षेप येतो आणि वेळ आपलाच जातो.

हे झाले तीन प्रश्न. आता परत आपल्या ताईंकडे येऊ. चुकीच्या कोर्टात दावा लावला तर होतं काय?

पहिली दिलाशाची गोष्ट, दावा मरत नाही. त्या कोर्टाला अधिकार नसेल, तर ते वादपत्र परत देतं, योग्य कोर्टात दाखल करा म्हणून. परत देताना त्यावर न्यायाधीश शेरा लिहितात. वादपत्र कधी दाखल झालं, कधी परत दिलं, कुणी दाखल केलं होतं आणि परत का दिलं. मैत्रिणींनो, हा शेरा असलेला कागद सोन्यासारखा जपा. का ते सांगतो.

फसवणुकीने केलेला दस्त रद्द करून मागायला मुदत असते ३ वर्षांची. ज्या दिवशी फसवणूक कळली त्या दिवसापासून. आता ताईंचा हिशोब करू. तहसीलात १२ महिने, घरी ६ महिने, चुकीच्या कोर्टात १६ महिने. झाले ३४. आणि वादपत्र परत मिळालं, तेव्हा 'केस हरलो' असं समजून त्यांनी ते पिशवीत ठेवून दिलं. ते ३ महिने तसंच पडून राहिलं. एकूण ३७ महिने. मुदत ३६ महिन्यांची. म्हणजे दार बंदच झालं म्हणायचं?

नाही. मुदत कायद्याचं कलम १४ इथे मदतीला येतं. एखादी व्यक्ती प्रामाणिकपणे आणि नेटाने चुकीच्या कोर्टात तीच मागणी घेऊन लढत असेल आणि केवळ अधिकारक्षेत्र नाही म्हणून ते काम पुढे जाऊ शकलं नसेल, तर तिथे गेलेला काळ मुदतीतून वजा होतो. ताईंचे १६ महिने वजा केले की २१ उरतात. म्हणजे दावा मुदतीत बसू शकतो. पण ही वजावट आपोआप मिळत नाही. आपण प्रामाणिक होतो, तारखा चुकवल्या नाहीत, हे दाखवावं लागतं. त्यासाठीच तो तारखांचा शेरा. आणि घरी गेलेले ६ महिने आणि पिशवीत गेलेले ३ महिने कुणीही वजा करून देत नाही. तहसीलातल्या १२ महिन्यांच्या भरवशावरही राहू नये.

दुसरी गोष्ट जरा कडू आहे. योग्य कोर्टात दावा गेला, की तो जवळजवळ पहिल्यापासून सुरू होतो. आधीच्या कोर्टाने दिलेल्या तात्पुरत्या मनाई हुकुमाचा आधारही राहत नाही. ताईंना सासरच्या कोर्टाने 'जमीन विकू नये' असा तात्पुरता हुकूम दिला होता. वादपत्र परत आलं आणि तो आधार गेला. मधल्या त्या ३ महिन्यांत भावांनी विहिरीलगतचा १ एकर विकून टाकला. आता ताईंना भावांबरोबर त्या घेणाऱ्यालाही प्रतिवादी करावं लागलं आहे.

म्हणून वकीलबाईंनी आमच्याकडून वहीत मोठ्या अक्षरात लिहून घेतलं: वादपत्र परत देण्याचा हुकूम झाला, तर त्याच दिवशी हालचाल करा. दिवाणी संहितेत एक सोय आहे, आदेश ७ नियम १०-अ. परत मिळण्याआधीच आपण अर्ज करून सांगू शकतो, की आम्ही हे अमुक कोर्टात नेणार आहोत, तिथे हजर राहायची तारख ठरवून द्या. असं झालं तर समोरच्याला नव्याने समन्स बजावण्यात वेळ जात नाही. नव्या कोर्टात दावा लावताना मनाई हुकुमाचा नवा अर्ज त्याच दिवशी द्यायचा. आणि दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायची का, हे वकिलांना विचारायचं. त्याला लिस पेंडन्सची नोटीस म्हणतात. मिळकत घेणाऱ्याला 'मला माहीतच नव्हतं' म्हणायला त्यामुळे जागा राहत नाही.

उलटही समजून घ्या. तुमच्यावरच कुणी लांबच्या कोर्टात दावा लावला, समन्स आलं, तर? गप्प बसू नका आणि कागद फेकून देऊ नका. ठिकाण किंवा किंमत चुकली आहे हा आक्षेप पहिल्या संधीलाच घ्यावा लागतो, मुद्दे काढायच्या आत. तेव्हा गप्प राहिलात आणि निकाल विरुद्ध गेल्यावर अपिलात म्हणालात की कोर्ट चुकीचं होतं, तर कलम २१ सहसा ते ऐकू देत नाही. पण विषयाचाच अधिकार नसेल, तर गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही बाजूंनी संमती दिली तरी कोर्टाला अधिकार येत नाही. असा हुकूम मुळातच निरर्थक, आणि ते कुठल्याही टप्प्यावर दाखवून देता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ सालीच सांगून ठेवलं आहे. ठिकाणाची चूक पोटात घालता येते, विषयाची नाही.

आता शेजारणीच्या त्या वाक्याचं काय? 'बाई राहते तिथे केस.' हे कुठे खरं आहे, तेही सांगून टाकतो, कारण तो आपला मोठा आधार आहे. पोटगीचा अर्ज पत्नी राहते त्या ठिकाणी करता येतो. घरगुती हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली बाई कायमची किंवा तात्पुरती जिथे राहत असेल, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. म्हणजे मारहाणीला कंटाळून मावशीकडे आलात, तर मावशीच्या तालुक्यातही. हिंदू विवाह कायद्यात २००३ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून पत्नीने अर्ज करायचा असेल तर ती राहते तिथे करता येतो. मुलाचा ताबा पालक-पाल्य कायद्याखाली मागायचा असेल, तर मूल नेहमी जिथे राहतं तिथलं कोर्ट. आणि रस्त्यावरच्या अपघाताची भरपाई मागताना अपघात झाला तिथे किंवा आपण राहतो तिथे, अशी निवड आपल्याला असते. या सगळ्या जागी कायद्याने दार बाईच्या उंबऱ्याजवळ आणून ठेवलं आहे. मिळकतीच्या दाव्यात मात्र आपल्याला उठून मिळकतीकडे जावं लागतं.

मग जायचं कसं, पैसा कुठून आणायचा? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे कुठल्याही स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. तिचं उत्पन्न किती आहे, हे बघितलं जात नाही. वकील मिळतो आणि कोर्ट फीचा खर्चही त्यात येऊ शकतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारातच तालुका विधी सेवा समिती असते. १५१०० हा मदतीचा फोन क्रमांक आहे. शिवाय पोटगी, हिंसाचार, घटस्फोट अशा प्रकरणांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीची माफी आहे. मिळकतीच्या वादात ती लागू होते की नाही, हे वादाच्या स्वरूपावर अवलंबून असतं, ते समितीत विचारून घ्या.

जाताना बरोबर काय न्यायचं? सातबारा, आठ-अ, फेरफाराची नक्कल, गावठाणात घर असेल तर घराचा उतारा, नोंदलेल्या दस्ताची नक्कल, वडिलांचा मृत्यूचा दाखला. आणि एका कागदावर तारखा. कधी कळलं, कुठे अर्ज दिला, काय उत्तर आलं. वकिलासमोर बसलात की तीन प्रश्न विचारा: हा विषय या कोर्टाचा आहे का? ही जागा या कोर्टाच्या हद्दीत आहे का? ही किंमत या कोर्टाला चालते का? चौथाही विचारा: माझी मुदत कधी संपते? विचारायला लाजू नका. वकील रागावत नाहीत, आणि रागावले तर दुसरा वकील मागायची सोय समितीत आहे.

ताईंचा दावा आता माहेरच्या तालुक्यात दाखल झाला आहे. विधी सेवा समितीने वकील दिला आहे. उरलेली ५ एकर जमीन विकू नये म्हणून अर्ज दिलाय, त्यावर सुनावणी व्हायची आहे. मुदतीच्या मुद्द्यावर भावांच्या वकिलांनी हरकत घेतली आहे, आणि परत आलेल्या वादपत्रावरचा तो शेरा ताईंच्या वकिलांनी हजर केला आहे. निकाल काय लागेल, ते आज कुणीच सांगू शकत नाही. पण आता भांडण त्यांच्या हक्काबद्दल चाललंय, कोर्टाच्या पत्त्याबद्दल नाही.

परवा त्यांचा फोन आला. पुढची तारीख सांगितली आणि म्हणाल्या, "कार्यक्रमात माझं सांगा. दुसरीचे तीन वर्षं तरी वाचतील." म्हणून हे सांगितलं. तुमच्या घरात एखादं हक्कसोडपत्र, एखादं समन्स, एखादं परत आलेलं वादपत्र पिशवीत पडलेलं असेल, तर आज संध्याकाळी ते बाहेर काढा आणि त्यावरची तारीख बघा. पुढच्या आठवड्यात भेटू. नमस्कार.